परदेशी सेवेचे पाचारण: पहिल्या प्रार्थनेपासून पहिल्या रजेपर्यंत

रविवारची उपासना संपते, लोक अंगणात एकमेकांना सलाम करत उभे असतात आणि एखादा तरुण किंवा नुकतेच लग्न झालेले जोडपे पाळकसाहेबांना बाजूला घेऊन सांगते, की प्रभू आम्हाला दुसऱ्या देशात सेवेसाठी बोलावीत आहे. यापुढे काय करायचे, हे आपल्या बहुतेक मराठी मंडळ्यांमध्ये कोठेही लिहून ठेवलेले नाही. त्यामुळे एक तर त्या जोडप्यासाठी प्रार्थना होते आणि विषय तेथेच थांबतो, किंवा ते जोडपे कोणाच्या तरी ओळखीने विमानात बसते आणि मंडळीला ते गेल्याचे नंतर कळते. मी मंडळीच्या मिशन कमिटीत अनेक वर्षे बसलो आहे. गेले आणि टिकले असे लोक मी पाहिले आहेत, तसेच आठ महिन्यांत मोडून परत आलेलेही पाहिले आहेत. या दोघांतील फरक भक्तीचा क्वचितच होता. तो तयारीचा होता आणि मागे कोण उभे होते याचा होता. म्हणून ती पहिली प्रार्थना आणि परदेशातून घरी येण्याची पहिली रजा यांच्यामधील वाट येथे क्रमाने मांडतो.

आपल्याजवळ एक गोष्ट अशी आहे, जी पाश्चात्त्य मंडळ्यांजवळ सहसा नसते. ज्यांच्याकडे मिशनरी आले, त्यांपैकी आपण आहोत. १८१३च्या फेब्रुवारीत अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले तेव्हापासून येणाऱ्याने काय चांगले केले आणि कोठे चुकले, हे आपल्या आज्या-पणज्यांनी घरात बसून पाहिले आहे. कोणाची मराठी ऐकून लोक थांबत आणि कोणाच्या बंगल्याच्या पायरीवर आपली माणसे उभी राहत, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. त्यांनी आपल्याकडे जसे यावे असे आपल्याला वाटले असते, तसे आपण दुसऱ्यांकडे जावे. पुढील प्रत्येक सूचनेमागे हेच माप ठेवले आहे.

पाचारण पारखून घेणे

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात पवित्र आत्मा बर्णबा व शौल (म्हणजेच पौल) यांना वेगळे करण्यास सांगतो, तेव्हा तो हे अंत्युखियातील मंडळीला सांगतो, आणि तेही ती उपासना व उपास करत असताना. त्याआधी त्या दोघांनी त्याच मंडळीत पूर्ण एक वर्ष शिक्षण दिलेले होते. पुढे त्रोवस येथे मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त एकट्या पौलाला झाला; तरी देव आपल्याला तिकडे बोलावीत आहे असे अनुमान काढणारे "आम्ही" होतो, असे वर्णन करणारा लिहितो. पाचारण एकट्याला ऐकू येऊ शकते, परंतु त्याचा अर्थ अनेकांनी मिळून लावायचा असतो.

म्हणून पहिले काम असे, की काय ऐकू आले ते तारखेसह एका वहीत लिहून ठेवावे. कोणता देश किंवा लोकसमूह मनात आला, कोणते वचन वाचत असताना आला, त्या दिवसांत आपल्या आयुष्यात आणखी काय चालले होते, हे सर्व प्रामाणिकपणे नोंदवावे. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. नोकरी सुटलेली असताना, घरात भांडण असताना किंवा एखादा नातेवाईक परदेशी स्थायिक होऊन आलेला असताना ऐकू आलेली हाक खोटीच असते असे नाही. पण ती वर्षभर ठेवून पाहावी. वर्षानंतर परिस्थिती सुधारली आणि हाकही विरली, तर देवाचे आभार मानून येथेच सेवा करावी. परिस्थिती सुधारूनही हाक तशीच राहिली, तर पुढे जावे.

या वर्षात माझ्या मते एक कसोटी प्रत्येकाने द्यावी. परदेश म्हणजे आपल्या भाषेबाहेर राहणे, आणि त्यासाठी सीमा ओलांडावी लागत नाही. मेळघाटातील कोरकू ही भाषा मुंडा कुळातील आहे. मराठीशी तिचे जन्माचे नाते नाही. अशा एखाद्या गावी, तेथील मंडळीच्या किंवा एखाद्या सेवाकार्याच्या हाताखाली सहा महिने राहून पाहावे. जेथे आपले कोणी ऐकत नाही, जेवण ओळखीचे नाही, वीज जाते आणि रविवारच्या अहवालात लिहिण्यासारखे काहीच घडत नाही, तेथे मन आनंदाने रमत असेल तर ते पुढेही रमेल. ज्याला मेळघाट नको आणि केवळ मेलबर्न हवे, त्याने आपल्या वहीतील पहिले पान पुन्हा वाचावे.

मंडळीला सांगणे

हाक पक्की होत चालली की पाळकांना आणि मंडळीच्या कमिटीला लेखी कळवावे. तोंडी सांगितलेले विसरले जाते. त्या पत्रात आपला अनुभव, आपल्या उणिवा आणि आपण काय मागत आहोत हे स्पष्ट असावे. आणि पहिली मागणी पैशाची नसावी, तर तीन-चार प्रौढ विश्वासणाऱ्यांनी आपल्याला नियमितपणे भेटून पारखावे अशी असावी. त्यांत किमान एक जण असा असावा, जो आपल्याला तोंडावर "नाही" म्हणू शकेल. विवाहित जोडपे असेल तर पत्नीशी स्वतंत्रपणे बोलू शकेल अशी एक ज्येष्ठ भगिनी त्या गटात असलीच पाहिजे. पतीसमोर "प्रभूची इच्छा" म्हणणारी पत्नी एकांतात वेगळे बोलू शकते, आणि ते वेळेवर ऐकले जावे.

दीक्षित पाळक असल्यास बिशपांची किंवा आपल्या संप्रदायाच्या अधिकाऱ्यांची परवानगी अर्थातच लागते. कॅथलिक बंधुभगिनींची वाट निराळी आहे: ती सहसा एखाद्या व्रतस्थ संघातून किंवा धर्मप्रांताकडून जाते, आणि तेथे पारखण्याची व्यवस्था अनेक वर्षांची व पक्की आहे. आम्हा प्रोटेस्टंटांना त्या धीम्या गतीपासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

कुटुंब

इंग्रज मिशनरी विल्यम केरी १७९३ मध्ये भारताकडे निघाले तेव्हा त्यांची पत्नी डोरोथी आधी यायला तयार नव्हती. निघण्याच्या अगदी शेवटच्या दिवसांत, बहीण सोबत येणार असेल तर येते, असे ती म्हणाली आणि कडेवर तान्हे मूल घेऊन जहाजावर चढली. १७९४ मध्ये बंगालात त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर वारला. डोरोथीचे मन त्यानंतर ढासळले ते १८०७ मध्ये तिच्या मृत्यूपर्यंत सावरले नाही. केरींनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले, त्यांच्या बंगालातील श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार निघाला, आणि आपण त्यांचे ऋणी आहोत. तरीही ते ऋण मान्य करताना त्या घरातील बंद खोलीतील स्त्रीला विसरू नये. आपल्याकडे कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या, आणि स्वतःच्या विश्वासाने बाप्तिस्मा घेण्यापर्यंत त्यांना सन १९०० उजाडले. तो प्रसंग परदेशी जाण्याचा नव्हता, परंतु एकाचे पाचारण दुसऱ्याच्या अंगावर टाकता येत नाही, हे त्यातून मराठी माणसाला जितके कळते तितके अन्य कशातून कळत नसावे. पत्नी किंवा पती मनापासून तयार नसेल, तर थांबावे. देवाला घाई नसते.

आईवडिलांचा प्रश्न आपल्या समाजात अधिक कठीण आहे, कारण मुलाने म्हातारपणी जवळ असावे ही अपेक्षा रास्त आहे. भावंडांना बोलावून बसावे आणि औषधपाणी, दवाखाना, घराची दुरुस्ती व दरमहाचा खर्च कोण पाहणार हे कागदावर उतरवावे. आपला वाटा किती, तो कोणत्या खात्यातून जाणार, हेही ठरवावे. जमीन असेल तर सातबाऱ्यावरील वारसनोंदी पूर्ण करून घ्याव्यात आणि विश्वासू नातेवाइकाच्या नावे मर्यादित स्वरूपाचे मुखत्यारपत्र नोंदवावे. मृत्युपत्र करावे; तरुण वयात हे अशुभ वाटते, पण मागे राहणाऱ्यांवर ते उपकार असतात. पतसंस्थेत कोणाला जामीन राहिला असाल तर त्यातून मोकळे होईपर्यंत निघू नये, आणि स्वतःचे कर्ज फेडल्याशिवाय तर मुळीच नाही.

अविवाहितांना अनेकदा सांगितले जाते, की आधी लग्न करा. अमेरिकन मिशनरी सिंथिया फरार १८२७ मध्ये एकट्या मुंबईला आल्या, पुढे अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, मुलींच्या शाळा चालवीत राहिल्या आणि १८६२ मध्ये तेथेच वारल्या. जोतीराव फुल्यांनी पाहिलेली आणि ज्यावरून त्यांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली ती शाळा त्यांचीच. एकट्या बाईला पाठवू नये, असे म्हणणाऱ्या कमिटीने हा इतिहास समोर ठेवावा आणि तिच्या राहण्याची, सोबतीची व सुरक्षिततेची व्यवस्था आधी पाहावी.

वाट आणि देश निवडणे

पूर्णवेळ मिशन संस्थेमार्फत जाणे ही एकच वाट नाही. पौल करिंथात अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून राहुट्या करण्याचा धंदा करत होता. वसईचे संत गोन्सालो गार्सिया हे आपल्या किनाऱ्यावरचे याहून जवळचे उदाहरण आहे: ते जपानमध्ये राहून तेथील भाषा शिकले, व्यापारही केला, पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झाले, आणि भाषा उत्तम येत असल्यामुळेच १५९३ मध्ये दुभाषे म्हणून पुन्हा जपानला गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांना क्रुसावर खिळून मारण्यात आले. आज परिचारिका, शिक्षक, अभियंता, लेखापाल किंवा स्वयंपाकी म्हणून प्रामाणिक नोकरी करीत तेथील स्थानिक मंडळीला हातभार लावणारे अनेक जण आहेत, आणि अनेक देशांत ही एकच वाट खुली आहे. अट एवढीच, की नोकरी खरी असावी आणि ती चोख करावी. नोकरीला केवळ आवरण समजणारा माणूस मालकाचीही फसवणूक करतो आणि सुवार्तेचीही.

देशाचा कायदा निघण्यापूर्वी समजून घेणे हे विश्वासाच्या उणिवेचे लक्षण नव्हे. नेपाळच्या २०१५ च्या संविधानात दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई आहे, आणि २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. परकीय नागरिकाला शिक्षा भोगल्यावर देशाबाहेर घालवले जाते. सौदी अरेबियात बिगरमुस्लिम सार्वजनिक उपासनेला मान्यता नाही. संयुक्त अरब अमिरातीत परवानगी असलेल्या चर्चच्या आवारात उपासना चालते, परंतु मुस्लिमांमध्ये धर्मप्रसार करणे गुन्हा आहे. अशा ठिकाणी जाणाऱ्याचे काम बहुधा तेथील विश्वासणाऱ्यांना, विशेषतः आपल्याच देशातून गेलेल्या मजुरांना, आधार देण्याचे असते. मजूर छावणीतील आजारी माणसाला डॉक्टरकडे नेणे, पगार अडकलेल्याला दूतावासाचा अर्ज भरून देणे, हेही सेवेचेच काम आहे.

येथे कोणी संत जोसेफ वाझ यांचे उदाहरण देतो. बाणावली येथे १६५१ मध्ये जन्मलेले हे गोव्याचे धर्मगुरू १६८७ मध्ये मजुराच्या वेशात श्रीलंकेत शिरले, कारण डचांनी तेथे कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. मग आपण पर्यटक व्हिसावर जाऊन काम केले तर काय बिघडले, असा प्रश्न विचारला जातो. या प्रश्नाला सरळ उत्तर दिले पाहिजे. वाझ अनेक वर्षे धर्मगुरूविना राहिलेल्या विश्वासणाऱ्यांकडे गेले, संशयावरून कँडीत कैदेत पडले, १६९७ मध्ये देवीची साथ आली तेव्हा रोग्यांची शुश्रूषा करत राहिले आणि १७११ मध्ये तेथेच वारले. संकटाची किंमत त्यांनी स्वतः मोजली. आजच्या खोट्या व्हिसाची किंमत बहुतेक वेळा पाहुणा मोजत नाही. तो विमानाने परत येतो आणि पोलीस त्याला घरात ठेवणाऱ्या स्थानिक कुटुंबाच्या दारी जातात. पर्यटनाच्या व्हिसावर पर्यटनच करावे. धार्मिक कामासाठी अनेक देशांत स्वतंत्र व्हिसा असतो. उदाहरणार्थ अमेरिकेच्या अशा व्हिसासाठी अर्जदार किमान दोन वर्षे त्याच संप्रदायाचा सदस्य असावा लागतो. त्यामुळे मंडळीच्या सदस्यत्वाच्या नोंदी नीट असणे हा केवळ सोपस्कार राहत नाही.

संस्था निवडताना तिच्या प्रमुखांना संकोच न करता विचारावे: तेथे मी कोणाच्या अधिकाराखाली असेन? माझ्या नावाने आलेला पैसा कोठे राहील आणि त्याचा हिशेब मला दिसेल का? आजारपणात किंवा दंगल झाल्यास मला बाहेर कोण काढेल? मुलांच्या संरक्षणाचा नियम लेखी आहे का? मला परत यायचे असल्यास तिकीट कोण देईल? या प्रश्नांनी दुखावणाऱ्या संस्थेबरोबर जाऊ नये. "मिशन व्हिसा" मिळवून देतो म्हणून आगाऊ रक्कम मागणारा माणूस प्रार्थना कितीही सुंदर करत असला, तरी तो दलाल आहे. एकदा माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने अशा माणसाला मंगळसूत्र मोडून पैसे दिले आणि विमानतळावरून ते घरी परतले. ते दुःख मी जवळून पाहिले आहे.

शिक्षण

पवित्र शास्त्राचे शिस्तबद्ध शिक्षण किमान एक-दोन वर्षांचे असावे. मराठी मुलखातच त्याची सोय आहे: युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये यवतमाळहून पुण्याला आली, आणि कॅथलिकांची पेपल सेमिनरी १९५५ मध्ये कँडीहून पुण्याला आली. परंतु पदवीइतकेच हाताचे कौशल्य उपयोगी पडते. प्रथमोपचार, वाहन चालवणे व किरकोळ दुरुस्ती, हिशेब लिहिणे आणि चार माणसांचा स्वयंपाक, एवढे स्त्रीपुरुष दोघांनाही यावे.

भाषा

संपूर्ण तयारीत सर्वाधिक वेळ जिला द्यावा ती गोष्ट भाषा आहे, आणि तिलाच सर्वांत कमी वेळ दिला जातो. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले, म्हणजे मध्ये सदतीस वर्षे गेली. इंग्लंडात जन्मलेल्या माणसाने मराठी ओवीत ख्रिस्तकथा सांगावी आणि चारशे वर्षांनी आपण ती अभिमानाने मिरवावी, हे त्या सदतीस वर्षांचे फळ आहे. पंडिता रमाबाई तर स्वतः प्रकांड संस्कृतज्ञ. तरी मराठी भाषांतर मुळावरून करता यावे म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मरणापर्यंत त्या कामाला धरून राहिल्या. जोसेफ वाझ तमिळ व सिंहली दोन्ही शिकले. आपल्या लोकांच्या स्मरणात राहिलेल्यांच्या यादीत दुभाष्यावर अवलंबून राहिलेला एकही माणूस मला सापडत नाही.

व्यवहारात असे करावे. निघण्यापूर्वी सहा महिने लिपी, आकडे आणि रोजची दोनशे-तीनशे वाक्ये शिकावीत. पोहोचल्यावर पहिली दोन वर्षे भाषा हेच मुख्य काम मानावे आणि तसे मंडळीला आधीच सांगून ठेवावे, म्हणजे "अजून काहीच कसे झाले नाही?" असे प्रश्न येणार नाहीत. शक्य असल्यास सुरुवातीचे काही महिने स्थानिक कुटुंबात राहावे. सकाळी शिक्षकाबरोबर तीन-चार तास, दुपारी बाजारात, थांब्यावर, विहिरीवर किंवा चहाच्या दुकानात तीच वाक्ये, रात्री दिवसभरात ऐकलेले नवे शब्द वहीत, असा क्रम ठेवावा. शिक्षकाचा आवाज फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्यावा आणि तो नेमका काय उच्चारतो हे ऐकत राहावे. पहिले वर्ष उपदेश करू नये. त्याऐवजी त्या भाषेत रोज एक छोटी प्रार्थना लिहून शिक्षकाकडून तपासून घ्यावी. चुकीच्या व्याकरणातील मनापासूनची प्रार्थना लोकांना जवळ आणते, आणि दुभाष्यातून केलेले अस्खलित भाषण दूर ठेवते, हा अनेकांचा अनुभव आहे.

मराठी माणसाला काही भाषांत फायदा आहे, पण त्याच फायद्यात खड्डा आहे. नेपाळी देवनागरीत लिहिली जाते आणि कितीतरी शब्द ओळखीचे वाटतात. परंतु नेपाळीत "शिक्षा" म्हणजे शिक्षण. मुलांना चांगली शिक्षा मिळावी अशी प्रार्थना ऐकून मराठी कान दचकेल, आणि याउलट आपले वाक्य ऐकून त्यांचा गोंधळ होईल. ओळखीच्या दिसणाऱ्या शब्दांची वेगळी वही ठेवावी. स्वाहिलीसारख्या बांटू कुळातील भाषेत मात्र फारसे काही ओळखीचे नसते, आणि तेथे मनुष्य निमूटपणे पहिल्या इयत्तेत बसतो. कधी कधी तेच बरे असते.

भाषेबरोबर आपण तेथे कोण म्हणून दिसतो हेही शिकावे. पूर्व आफ्रिकेत भारतीय चेहरा पाहिला की अनेकांना आधी दुकानदार आठवतो, आणि त्या आठवणीत भाव-तोल आणि जुने राग दोन्ही असतात. आपण मालक म्हणून आलेलो नाही, हे सांगून पटत नाही. कोणाच्या घरी जेवतो, कोणाशेजारी बसतो, पाणी कोण भरते, यांवरून ते ठरते. जातीची सवय आपल्या ख्रिस्ती घरांतूनही पूर्ण गेलेली नाही; ती सामानाबरोबर जाणार नाही याची तपासणी विमानतळावर कोणी करत नाही, ती आपणच करायची असते.

पैसा

लूकच्या शुभवर्तमानात प्रभू बुरूज बांधणाऱ्याला आधी बसून खर्चाचा अंदाज करायला सांगतो. तो अंदाज कागदावर करावा: घरभाडे, जेवण, प्रवास, भाषेचा शिक्षक, मुलांची शाळा, व्हिसाचे शुल्क, आरोग्य विमा, आईवडिलांसाठीची रक्कम, निवृत्तीची बचत, आणि कधीही हात न लावायचा परतीच्या तिकिटाचा निधी. समजा हा आकडा महिन्याला एक लाख रुपये आला, तर पाचशे रुपये देणारी दोनशे कुटुंबे लागतील. मला एका श्रीमंत दात्यापेक्षा ही दोनशे कुटुंबे अधिक भरवशाची वाटतात, कारण पाचशे रुपये देणारी माऊली रोज नाव घेऊन प्रार्थनाही करते. ठरलेल्या रकमेचा मोठा भाग लेखी वचनाने जमल्याशिवाय तिकीट काढू नये.

पैसा परदेशी पाठवण्याचे नियम मंडळ्यांना सहसा माहीत नसतात आणि त्यामुळे चांगली माणसे अडचणीत येतात. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली भारतात राहणारी व्यक्ती एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवू शकते. ही सोय व्यक्तींसाठी आहे, ट्रस्टसाठी नाही. आपली मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर तिचा पैसा भारताबाहेर खर्च करण्यावर आयकर कायद्याचीही बंधने आहेत. म्हणून पहिल्याच महिन्यात सनदी लेखापालाला भेटावे, आणि बँकेच्या अर्जावर पाठवण्याचे कारण खरे तेच लिहावे. उलट दिशेनेही काळजी हवी: परकीय नागरिकांकडून गोळा केलेली देणगी गावाकडील मंडळीला पाठवायची असेल, तर परकीय अंशदान नियमन कायदा लागू होतो आणि त्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय ती घेता येत नाही. दर तीन महिन्यांनी दात्यांना एका पानाचा हिशेब जावा. फिलिप्पैकरांच्या देणगीची पोच पौलाने तुरुंगातून दिली. आपल्याला तर वेळ मिळतोच.

कागदपत्रे आणि आरोग्य

पासपोर्ट, आधार, शाळेचा दाखला, बाप्तिस्म्याचा दाखला आणि विवाह प्रमाणपत्र यांतील नावे अक्षराअक्षराने जुळतात का ते प्रथम पाहावे. लग्नानंतर बदललेले नाव येथे सर्वाधिक त्रास देते. चर्चमधील विवाहाचा शासकीय नोंदणीचा उतारा काढावा. शैक्षणिक व वैयक्तिक दाखल्यांवर राज्य शासनाचे साक्षांकन आणि त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे दाखला खरा असल्याचे परदेशात मान्य होणारे प्रमाणन, लागू शकते. पोलीस चारित्र्य दाखला पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत मिळतो. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर उत्प्रवास तपासणीची अट असते, आणि त्यांनी ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी ई-मायग्रेट व्यवस्थेतूनच जावे.

पीतज्वराची साथ असलेल्या आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील देशांत जाण्यापूर्वी लस घ्यावी लागते. ती अधिकृत केंद्रातच मिळते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते आणि एकदा घेतलेली लस जन्मभर चालते. प्रमाणपत्राविना परतल्यास भारतातही विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. हिवतापाची औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने न्यावीत. दात, डोळे आणि रक्तदाब येथेच तपासून घ्यावेत. मनाचा जुना आजार असेल तर लपवू नये. संस्थेला सांगावे आणि उपचार तेथे मिळतील का ते पाहावे. गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिककडे गेले, तेथे पटकीच्या रोग्यांना औषधे वाटली आणि परतीच्या वाटेवर त्याच रोगाने वारले. त्या काळी यावर उपाय नव्हता. आपल्या काळी जेथे उपाय आहे तेथे तो न करणे याला त्याग म्हणता येणार नाही.

पहिली दोन वर्षे

पोहोचल्यावर स्थानिक मंडळी असेल तर तिच्या पाळकांच्या हाताखाली राहावे, स्वतःचे नवे काम लगेच उभारू नये. तेथील गाणी, वाद्ये, बसण्याची पद्धत बदलू नये. टिळकांनी भजन-कीर्तनाला आपल्या उपासनेत मानाची जागा मिळवून दिली, ती आधी आलेल्या मिशनऱ्यांनी सोबत आणलेल्या पद्धतींच्या पेटाऱ्याशी झगडून; दुसऱ्या देशातील कोणा टिळकाला आपल्या पेटाऱ्याशी झगडावे लागू नये. लोकांचे, विशेषतः लहान मुलांचे व नव्या विश्वासणाऱ्यांचे, फोटो दात्यांच्या समूहात टाकू नयेत. अहवालात आकडे फुगवू नयेत; महिन्याभरात फक्त एका शेजाऱ्याशी मैत्री झाली असेल तर तेवढेच लिहावे. मदत मागायला येणाऱ्याला पैसे स्वतःच्या हातून न देता स्थानिक मंडळीच्या वडीलजनांमार्फत द्यावेत, नाहीतर आपल्या दारी रांग लागते आणि पाळकांचा मान जातो.

सहाव्या ते दहाव्या महिन्यांच्या सुमारास मन खचण्याची वेळ बहुतेकांवर येते. नवलाई संपलेली असते, भाषा अजून आलेली नसते, घरी सण असतो. हा काळ येणार हे आधीच ठाऊक असल्यास तो पापाचा किंवा पराभवाचा वाटत नाही. मंडळीतील एका व्यक्तीने दर आठवड्याला, ठरलेल्या वेळी, कामाविषयी न विचारता केवळ जेवण-झोप-मुले यांविषयी बोलण्यासाठी फोन करावा. तरीही परत यावे लागले तर यावे. एपफ्रदीत फिलिप्पैची देणगी घेऊन गेला, मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला आणि पौलाने त्याला सन्मानाने घरी पाठवले. योहान मार्क पर्गाहून परत फिरला, त्यावरून पौल व बर्णबा वेगळे झाले, आणि शेवटी पौलानेच त्याला सेवेसाठी उपयोगी म्हणून बोलावून घेतले. सॅम्युएल नॉट प्रकृतीमुळे १८१५ मध्ये मुंबई सोडून गेले, हॉल राहिले. आपण दोघांचेही नाव घेतो.

पहिली रजा

दोन ते चार वर्षांनी पहिली रजा घ्यावी. बर्णबा व पौल अंत्युखियास परतले तेव्हा त्यांनी मंडळीला एकत्र करून देवाने काय केले ते सांगितले आणि शिष्यांबरोबर बराच काळ राहिले. आपण मात्र परत आलेल्याला तीन महिन्यांत पंचवीस मंडळ्यांत फिरवतो आणि तो थकून पुन्हा विमानात बसतो. पहिला महिना कोठेही भाषण ठेवू नये. त्या महिन्यात वैद्यकीय तपासणी, आईवडिलांजवळ राहणे, हिशेबाची तपासणी आणि ज्यांनी पाठवले त्या तीन-चार जणांबरोबर बंद दाराआड दोन-तीन दीर्घ बैठका व्हाव्यात; तेथे त्याला जे भाषणात सांगता येत नाही ते सांगता यावे. मुले मराठी विसरली असतील तर संडे स्कूलच्या शिक्षिकेला आधीच कळवावे, म्हणजे वर्गात सर्वांसमोर कोणी त्यांना वाचायला उभे करणार नाही. पुढच्या मुदतीसाठी जायचे की नाही, हा निर्णय दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस, पती-पत्नीला स्वतंत्रपणे विचारून आणि पहिल्या दिवशी लिहिलेली ती वही समोर उघडून घ्यावा.